पानी, पाणी आणि गुरुजींचे चार हजार शब्द

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘मराठी-इंग्रजी टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन’ एवढंच लिहिलेलं आहे. पण हिंगोलीत मला ओळखतात ते निराळ्याच कामासाठी. माणूस पेनड्राइव्ह मुठीत धरून येतो, खुर्चीवर टेकतो आणि डॉक्टरपुढं सांगावं तशा आवाजात सांगतो, “मॅडम, अक्षरं फुटली.”

मी आधी विचारते, फुटली म्हणजे दिसतात कशी? रिकामे चौकोनी डबे दिसत असतील तर घाबरायचं कारण नाही. मजकूर जागेवर आहे, तो दाखवायला लागणारा फॉन्ट तेवढा त्या मशीनमध्ये नाही. फॉन्ट टाकला की दोन मिनिटांत काम होतं, आणि एवढ्या लवकर झालं म्हणून गिऱ्हाइकाचाच चेहरा पडतो. डोक्यावर टिंबं आणि खाली शेपट्या असलेली परदेशी अक्षरं दिसत असतील, तरी मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो. मशीन तो चुकीच्या समजुतीनं वाचत असतं. मोडीतलं पत्र कुणी उर्दू समजून उजवीकडून वाचायला घ्यावं, तसला प्रकार. फाइल आत घेताना ‘ही अमुक पद्धतीनं वाच’ असं त्याला सांगावं लागतं, मग ते सरळ येतं. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसली, की मी आधी चहा मागवते. ज्या अक्षराला मशीनला जागा सापडली नाही, तिथं त्यानं प्रश्नचिन्ह ठोकलं आणि कुणीतरी वरून ‘सेव्ह’ दाबलं. ते अक्षर कुठं लपून बसलेलं नसतं. ते गेलेलंच असतं.

वसमतच्या एका तरुण मंडळाची रक्तदात्यांची यादी अशीच गेली होती. रक्तगट इंग्रजीत लिहिलेले म्हणून वाचले, फोन नंबरही वाचले, नावांच्या जागी मात्र प्रश्नचिन्हांच्या रांगा. मंडळाचे अध्यक्ष रडकुंडीला आले होते. मी म्हटलं, नंबर आहेत ना, मग माणसं आहेत. तीन दिवस मी फोन लावत बसले. आपलं नाव काय, असं विचारलं की समोरून यायचं, फोन तुमी लावला अन् नाव मलाच काहून विचारता? एका गृहस्थानं तर फसवणुकीचा फोन समजून मला पोलिसांची भीती घातली. अर्ध्या तासानं त्यानंच उलट फोन केला, नाव सांगितलं, आणि भावाचंही नाव घ्या, त्याचा रक्तगट लवकर मिळत नाही म्हणाला. यादी पूर्ण झाली, वर चार नावं वाढली.

अशी कामं होत गेली आणि मला वाटायला लागलं की फुटलेलं अक्षर माझ्या हातून दुरुस्त झालं नाही असं होणार नाही. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठी मोडतोड झाली ती या भरवशामुळंच.

जवळा बाजारचे माधवराव गुरुजी एक दिवस एसटीनं माझ्याकडं आले. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, एका डोळ्याची नजर गेलेली आणि दुसऱ्याची धूसर. चष्म्याच्या डबीत रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह होता. निवृत्तीनंतर अकरा वर्षं हा माणूस औंढा, वसमत, सेनगाव अशा तालुक्यांतून हिंडला होता. आपली माणसं बोलतात ते शब्द त्यांनी गोळा केले होते. चार हजारांच्या आसपास शब्द. प्रत्येक शब्दापुढं त्याचा अर्थ, मग तो शब्द असलेलं एक वाक्य, जसं कानावर पडलं तसं, आणि शेवटी सांगणाऱ्याचं नाव आणि गाव. सगळं एका ओळीत, एका बोटानं टाइप केलेलं. मूळ वह्या घरात पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेल्या होत्या. जुना कॉम्प्युटर बंद पडून भंगारात गेला होता. शहरातल्या एका प्रकाशकानं पुस्तक काढायचं कबूल केलं होतं, पण त्यांना मजकूर युनिकोडमध्ये हवा होता. आणि गुरुजींना आता पडदा वाचता येत नव्हता.

“माझ्याकडं एवढंच आहे, बाई,” पेनड्राइव्ह माझ्या हातात देत ते म्हणाले. “सांभाळून करा.”

बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगते. जुन्या फॉन्टच्या काळात कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हती. आपण ‘क’ दाबला की तो आत इंग्रजीचं एखादं अक्षर ठेवून घ्यायचा आणि फॉन्ट वरून त्याला ‘क’चा अंगरखा चढवायचा. अंगरखा काढला की आत इंग्रजी अक्षरांचा कालवा. युनिकोडमध्ये मराठीच्या प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठल्याही मशीनवर तेच राहतं. जुन्यातून नव्यात नेताना एकेका इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर बसवत जायचं. हे काम करणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते चुकतात. जुन्या फॉन्टात टाइपरायटरसारखी पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर यायचं, नव्यात अक्षर आधी. प्रोग्रॅम एखाद्या ठिकाणी चुकला की ‘किती’चं ‘कतिी’ होतं. ‘ण’ तर दोन तुकड्यांचा असायचा, अर्धा ण आणि पुढं एक उभी रेघ. ते तुकडे जुळले नाहीत की ‘ण’च्या जागी भलतंच काही येतं.

गुरुजींची फाइल आठवडाभर मी दुरुस्त करत होते. वेलांट्या बसल्या, रफार आले, जोडाक्षरं जुळली. मग वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की जागोजाग ‘ण’ खाल्ला गेलाय. पानी, सरपन, रांजन, कनगी, लोनी, कोन. याआधी एका फाइलीत प्रोग्रॅमनं सगळ्या ‘ण’चे ‘न’ करून टाकलेले मी पाहिले होते. त्यामुळं शंकाच आली नाही. ‘न्हाई’ बघून वाटलं, ‘नाही’ची अक्षरं उलटीपालटी झालीत.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही इथल्याच ना? तुम्हाला ‘पानी’ ठाऊक नव्हतं?

ठाऊक होतं. माझं गाव सेनगाव तालुक्यात. आमच्या घरी सगळे पानीच म्हणायचे. पहिल्यांदा हिंगोलीत टायपिंगच्या क्लासला आले तेव्हा मी माठाकडं बोट करून पानी मागितलं आणि पूर्ण वर्ग हसला. परीक्षेत चुकलेल्या प्रत्येक ‘ण’ला गुण कापले जायचे. मी हट्टानं जीभ आणि बोटं दोन्ही वळवली, आणि पुढं स्वतः शिकवायला लागल्यावर शेकडो पोरींचीही वळवली. आज वाटतं, गुरुजींची फाइल पुढ्यात आली तेव्हा मी ती वाचत नव्हते, तपासत होते.

मी बदलायच्या शब्दांची लांबलचक यादी बनवली आणि एका दमात फाइलभर फिरवली. इतक्या ठिकाणी बदल झाले, असा भलामोठा आकडा पडद्यावर आला आणि मी खूश झाले. मग गुरुजींच्याच पेनड्राइव्हवर, जुन्या फाइलीवर, त्याच नावानं ती सेव्ह केली. माझ्याकडं दुसरी प्रत नव्हती. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, आधी तिची प्रत काढायची, हे मी पोरींना पहिल्या दिवशी शिकवते.

मोठ्या अक्षरात छपाई काढून मी जवळा बाजारला गेले. गुरुजींनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि वाचून दाखवा म्हणाले. मी वाचायला घेतलं. ‘सरपण’ हा शब्द आला. अर्थ, जळणाची लाकडं. पुढं वाक्य होतं. “सरपण आणायला गेली आण येळ झाला,” असं मी वाचलं आणि अडखळले. वाक्याला अर्थ लागेना. ‘आण’ म्हणजे शपथ, ती इथं कुठून आली?

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी आणखी दोन-तीन ओळी वाचायला सांगितल्या. मग हात वर केला.

“बाई, हे कोण बोलतंय?”

मी ओळीच्या शेवटचं नाव वाचलं. पारूबाई. मेंढरं-बकऱ्या राखणारी, हे मला पुढं कळलं.

“नाव तिचं आहे,” गुरुजी म्हणाले. “बोलणं तिचं नाही. ती ‘सरपन आनायला गेली आन येळ झाला’ म्हणाली होती. माझ्या समोर.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. काही फुटलेलं नव्हतंच. जे धडधाकट होतं, ते मी मोडलं होतं. हातातले कागद मी खाली ठेवले. गुरुजींनी विचारलं, मूळ फाइल असेल ना? मला सांगावं लागलं की मूळ फाइलीवरच मी ही फाइल ठेवली.

आतून कुणीतरी धान्य पाखडत होतं, त्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, गुरुजी, मला बोला काहीतरी. तेव्हा ते म्हणाले, “काय बोलू? तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल शाईनं हेच केलं. पानी लिहिलं की कान धरायचो. तुम्ही ते एका दिवसात केलं, एवढाच फरक.”

त्यांना राग आला नव्हता असं नाही. चहाचा पेला त्यांनी जरा आपटूनच खाली ठेवला. पण ते वाक्य बोलून त्यांनी मला उठून पळून जाण्यापासून वाचवलं.

हिंगोलीला परत येऊन मी पेनड्राइव्ह एका जाणकाराला दाखवला. हाती काही लागलं नाही. मग वाटलं, उलटी यादी फिरवावी, सगळ्या ‘ण’चे पुन्हा ‘न’ करावे. पण गुरुजींनी अर्थ पुस्तकी मराठीत लिहिले होते, त्यांतले ‘ण’ बरोबर होते. शब्द, अर्थ, वाक्य, सगळं एकाच ओळीत. कुठला ‘ण’ गुरुजींचा आणि कुठला माझा, हे मशीन सांगू शकत नव्हतं. ते सांगू शकत होती फक्त ती माणसं, जी ते बोलली होती. आणि त्यांची नावं तर प्रत्येक ओळीच्या शेवटी सुखरूप होती. रक्तदात्यांच्या यादीत नंबर उरले होते, नावं गेली होती. इथं नावं उरली होती.

गुरुजींना मी फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, बाजाराच्या दिवशी या, निम्मीअधिक माणसं तिथंच भेटतात.

पारूबाई बाजाराच्या कडेला दोन बकऱ्या आणि तीन करडं बांधून बसली होती. साठीच्या पुढची, उन्हानं रापलेली, बोलायला खणखणीत. गुरुजींना बघून तिनं पदर सारखा केला. गुरुजींनी माझी ओळख करून दिली आणि काम सांगितलं, तशी ती माझ्याकडं बघायला लागली. पुन्हा बोलून दाखवायला तयार होईना.

“एकदा सांगितलं की गुरुजीला. आता ही बाई हसायला आली का?”

तिच्या जागी मी असते तरी तेच म्हटलं असतं. मी तिच्या शेजारी खाली बसले. म्हटलं, मावशी, मी सेनगावकडची. चूक माझ्या हातून झाली, गुरुजींच्या नाही. आमच्या घरी पण पानीच म्हणायचे.

तिनं थोडा विचार केला. “मंग तू काहून पाणी म्हनतीस, माय?”

मी पिशवीतून छपाईचे कागद काढले. तिनंही धरून ठेवलं नाही. करडाच्या गळ्यातली दोरी आखडून घेत म्हणाली, वाच, काय लिवलं हाय ते.

मी वाचत गेले आणि ती दुरुस्त करत गेली. पेन्सिलीनं मी एकेक ‘ण’ खोडत होते. माझ्या तोंडून ‘रांजण’ ऐकलं की ती मान हलवायची आणि ‘रांजन’ म्हणायची, लेकराला शिकवावं तशी. अर्ध्या तासात आजूबाजूला पाच-सहा बाया जमल्या. भाजीवाली आपला माल सोडून आली. वसमतकडची एक बाई म्हणाली, आमच्याकडं ‘येऊन राहिला’ म्हणत न्हाईत, ‘यायलाय’ म्हणतात. सेनगावकडची दुसरी म्हणाली, तुमचं तुमाला, आमचं येऊन राहिलाच बराबर. दोघींची जुंपली. गुरुजी मध्येच ओरडले, दोन्ही लिहून घ्या बाई, दोन्ही बरोबर. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी जेमतेम दीडशे शब्द झाले. मग मी दर आठवड्याला जायला लागले. दुकान त्या दिवशी बंद. कधी गुरुजी बरोबर असत, कधी त्यांची तब्येत बरी नसली की मी एकटीच जाई. जे सांगणारे बाजाराला येत नव्हते त्यांच्या गावी जीपनं गेले. काही म्हातारी माणसं आता नव्हती, त्यांच्या ओळी त्यांच्या लेकी-सुनांनी ऐकून दुरुस्त केल्या. एका सुनेनं सासूची ओळ तिच्याच सुरात म्हणून दाखवली आणि मग पदरानं डोळे पुसले. काही ओळी कुणालाच सांगता आल्या नाहीत. तिथं गुरुजींनी कान लावून, आठवून आठवून ठरवलं. शंभराच्या आत ओळी अशा राहिल्या की ज्यांबद्दल आजही खात्री नाही. त्यांच्यापुढं आम्ही बारीक खूण केली आहे. ती माझ्या चुकीची खूण आहे आणि ती छापलेली आहे.

पण वाचून दाखवताना दर वेळी काहीतरी नवं यायचं. एक शब्द विचारला की बायांना चार आठवायचे. ‘आवतन’ म्हटलं की लग्नाच्या आमंत्रणाचे सगळे शब्द. ‘दावन’ म्हटलं की गोठ्यातले. गुरुजी पुरुष, मुख्याध्यापक. त्यांच्यापुढं बायांनी बाळंतपणाचे, पाळीचे, माहेरच्या आठवणींचे शब्द कधी काढलेच नव्हते. ते त्यांनी मला सांगितले. काम संपलं तेव्हा फाइलीत जवळजवळ सातशे शब्द वाढले होते. ही फाइल आता चार ठिकाणी ठेवलेली आहे, त्यातली एक प्रत गुरुजींच्या सुनेच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी.

शेवटचं वाचन गुरुजींच्या ओसरीवर झालं. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “एवढ्या लोकांचे शब्द आहेत, बाई. तुमचा एकही नाही.”

मी म्हटलं, माझं काय, मी टाइप करणारी.

“तुमच्या घरात काय बोलायचे?”

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं लगेच वर येत नाही. एसटीत बसल्यावर आठवलं. आई मला कामाला लावायची तेव्हा नेहमी एक शब्द वापरायची, बैजवार. म्हणजे नीट, एकेक करून, काही न गाळता. शेणाच्या गोवऱ्या रचताना, ज्वारी निवडताना, माझी वेणी घालताना. घरी पोहोचल्यावर मी फाइल उघडली आणि ‘ब’मध्ये ती ओळ टाइप केली. वाक्य आईचं, जसंच्या तसं. शेवटी तिचं नाव आणि आमचं गाव. बोटांना सवय नव्हती, एका ठिकाणी ‘ण’ पडला, तो खोडला.

पुस्तक आता छापून आलेलं आहे. गुरुजींनी ते वासावरून आणि जाडीवरून पाहिलं. पारूबाईनं तिच्या नातीकडून आपली सगळी पानं वाचून घेतली आणि एका शब्दाचा अर्थ चुकलाय असं कळवलं, ते बरोबर निघालं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. नव्यानं बदलून आलेले एक गुरांचे डॉक्टर ते गाडीत ठेवतात म्हणे, लोक जनावराचं दुखणं काय सांगतात ते कळावं म्हणून. अजूनही अधूनमधून कुठूनतरी फोन येतो आणि कुणीतरी शब्द सांगतं.

पण छपाईच्या आधी आलेला एक फोन मला विसरता येत नाही. प्रकाशकांकडं पानं लावणारा एक मुलगा होता, शहरातला, कामात चोख, बोलायला अदबशीर. फाइल त्याच्या मशीनमध्ये एकही अक्षर न फुटता उतरली, याबद्दल त्यानं आधी माझं कौतुक केलं. मग जरा संकोचून म्हणाला, मॅडम, मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत. हजारो ठिकाणी न आणि ण यांची गडबड झालीय. फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी राहिलं असेल. तुमची परवानगी असेल तर मी एकदम सगळं दुरुस्त करून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे.

मी त्याला म्हटलं, कुठं चुकलंय ते एखादं वाचून दाखव.

त्यानं नेमकं समोर असलेलं पान वाचलं. “हे बघा ना. ‘बैजवार कर पोरी, कोन पाठीमागं लागलं हाय? घाई काहून करून राहिलीस?’ यात ‘कोण’चं ‘कोन’ झालंय.”

“तिथं काही चुकलेलं न्हाई,” मी म्हणाले. “ती माझी आई बोलतेय. तिला तसंच बोलू दे.”